वाघोड्याहून प्लूटो: नोव्हेंबरमधील निरीक्षणाचा वृत्तांत

मनसरच्या पुढे पवनीजवळ महामार्ग सोडून सिल्लारीच्या दिशेने वळले की उजेड मागे पडत जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली असून वाघोड्यासारख्या गावांतील पथदिवे त्यासाठी बदलण्यात आले आहेत. प्लूटोची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका बिंदू अंधूक) 14.4 च्या आसपास असल्याने साध्या बैठकीवर फिरणाऱ्या आमच्या बारा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीलाही असाच काळोख हवा होता.

प्लूटो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येऊन रात्रभर दिसतो तो जुलैअखेरीस, म्हणजे आपल्या ऐन पावसाळ्यात. ऑक्टोबरमध्ये आकाश निवळते, परंतु तेव्हा तो स्तंभी, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ थबकलेला असतो, आणि ताऱ्यांमधून सरकणे हीच तर त्याची ओळख आहे. म्हणून नोव्हेंबरमधील अमावास्येचा आठवडा निवडावा, लागोपाठ दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा आणि अंधार पडताच नैऋत्येला मकर राशीकडे दुर्बीण वळवावी. उशीर केल्यास तो झाडांआड जातो.

दिसतो तो केवळ एक ठिपका, तोही नजर किंचित बाजूला ठेवली तरच. “काहीच तं दिसून नाही राहिलं, भाऊ,” असे आमचे यजमान म्हणाले, ते रास्तच होते. यासाठीच प्लूटोजवळून गेलेल्या नासाच्या न्यू होरायझन्स यानाने 14 जुलै 2015 रोजी टिपलेली छायाचित्रे छापून सोबत न्यावीत. त्यांतील स्पुटनिक प्लॅनिशिया हे नायट्रोजनच्या बर्फाचे मैदान सुमारे 1000 किलोमीटर लांब आहे, म्हणजे बुलढाणा ते गडचिरोली या अंतराच्या दुपटीहून अधिक. उणे 230 अंशांच्या आसपासही हा बर्फ मऊ राहतो. खालचा किंचित उबदार बर्फ वर येतो, थंड झालेला कडेने खाली जातो, आणि त्यामुळे पृष्ठभागावर दहा ते चाळीस किलोमीटर रुंदीचे बहुभुज तयार होतात. पृष्ठभाग असा सतत नवा होत असल्याने तेथे विवरे आढळत नाहीत. याउलट, पाण्याचा बर्फ त्या थंडीत खडकासारखा कठीण असल्यामुळे कडेचे तेनझिंग पर्वत सुमारे सहा किलोमीटर उंच उभे राहू शकतात. हे वाचून झाल्यावर यजमान पुन्हा दुर्बिणीपाशी गेले आणि बराच वेळ हटले नाहीत.

पहिल्या रात्री नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) दिसणाऱ्या ताऱ्यांचे रेखाटन पेन्सिलीने करावे आणि दुसऱ्या रात्री ते पडताळावे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ क्लाइड टॉम्बॉ यांनी 1930 मध्ये छायाचित्रांच्या काचा ताडून प्लूटो शोधला, तो याच रीतीने. विजेरीला लाल जिलेटिन कागद लावावा. दव लवकर पडते, त्यामुळे मुख्य दुर्बिणीवरील छोट्या शोधक दुर्बिणीसाठी कोरडे फडके जवळ असू द्यावे. अंगणाबाहेर मात्र रात्री पाऊल टाकू नये. प्रकल्प वाघांचा आहे.