तेलाची बरणी, रंकाळ्याची फेरी आणि साडेनऊ किलो : माझा अनुभव

सुरुवातीला वय ४७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. अकरा महिन्यांनी वजन ६२.५ आणि कंबर ८५. आपल्याकडे बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० धरतात, पुरुषांसाठी ९०, म्हणजे मी अजून मर्यादेच्या बाहेरच आहे. यात जिम नाही, पावडर नाही, डाएटचा छापील कागद नाही. काय केलं आणि कुठं गणित चुकलं तेवढंच लिहिते.

आधी रक्त तपासून घ्या: थायरॉईडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल. थायरॉईड मंद असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर चार पावलांत दम लागतो, आणि आपण स्वतःला आळशी समजत बसतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी आणि सकाळी उपाशीपोटी चालायला जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम उतरते ती याच लोकांची.

कंबर मोजायची ती परकराची नाडी बांधतो तिथं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, श्वास सोडायचा, मग आकडा बघायचा.

आता तेल. खरं वजन मी इथंच कमी केलं. घरात चौघं, आणि पाच लिटरचा कॅन महिनाभर जेमतेम पुरायचा. हिशेब केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल, म्हणजे साधारण ३४० कॅलरी, आणि यात शेंगदाण्याचं कूट, खोबरं, साय काहीच धरलेलं नाही. ‘फोडणीला कमी टाका’ हे सांगून होत नाही, कारण कॅनमधून ओतताना हात आपोआप चालतो. म्हणून दर रविवारी ६०० मिलीलिटर तेल मोजून स्टीलच्या बरणीत काढायचं, त्यात छोटा चमचा ठेवायचा आणि कॅन माळ्यावर. आठवडा त्या बरणीतच. भजी-पुऱ्या करायच्या असतील तर त्याही त्यातूनच. महिन्याचं तेल अडीच लिटरवर आलं, म्हणजे माणशी रोज १७० कॅलरी कमी, आणि कुणालाही वेगळं जेवण करावं लागलं नाही.

अडचण आली ती चटणीची. आपली कांदा-लसूण चटणी कमी तेलात पडली की क्षणात करपते, कालवण कडवट लागतं, आणि घरातले म्हणतात, ‘हे काय दवाखान्यातलं केलंस?’ उपाय असा: जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तेल, कांदा बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवायचं. मिठानं कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्यातच मऊ होतो. गॅस बारीक करून चटणी घालायची आणि लगेच पळीभर गरम पाणी. वर कट, म्हणजे तेलाचा तवंग, येत नाही, हे खरं. पण ब्याडगी मिरची भिजवून वाटून घातली की रंग येतो, आणि निम्मी तक्रार रंगाचीच असते.

चहाचं सोपं आहे. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. एकदम साखर बंद केली तर आठव्या दिवशी बिस्किटं वाढतात. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर जीभ कुरकुर करत नाही. आणि गुळाबद्दल कोल्हापूरकरांना वाईट वाटेल, पण बोलते: गुळाचा चहा हा साखरेचाच चहा आहे. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. चवीसाठी खुशाल घ्या, वजनासाठी नको.

दुसरा फसवा पदार्थ भडंग. ‘चुरमुरेच तर आहेत’ म्हणून संध्याकाळी परात समोर येते. एकदा घरचं भडंग वजनकाट्यावर करून बघा: पाव किलो चुरमुरे, १५० ग्रॅम शेंगदाणे, १०० मिलीलिटर तेल, वर लसूण, कढीपत्ता, चटणी, पिठीसाखर. सगळं मिळून सुमारे अर्धा किलो आणि अडीच हजार कॅलरी. हलकं असल्यामुळं मूठ मोठी भरते, गप्पांत ८० ग्रॅम सहज जातं, म्हणजे ४०० कॅलरी. बंद केलं नाही. लहान वाटी भरायची, डबा झाकून आत ठेवायचा आणि मग बसायचं. सोबत काकडी, कांदा, टोमॅटो जास्त आणि चुरमुरे कमी.

तांबडा-पांढरा? रविवारचं मटण हा गुन्हेगार नाही, पोटात किलोभर जातो तो रस्सा आणि त्यावरचा भात. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ असतात, आणि वाटी रिकामी झाली की वाढणारा उभाच असतो. माझा नियम: दोन्ही रस्से एकेक वाटी, तांबड्यावरचा कट पळीनं बाजूला, सुकं मटण व्यवस्थित, एक भाकरी, भात नाही. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. ती चरबी नव्हे. मिठानं पाणी धरून ठेवलेलं असतं, शिवाय स्नायूंत साठणारी साखर आपल्या तिप्पट पाणी सोबत घेऊन बसते. दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून रोज सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन घ्यायचं आणि सात दिवसांची सरासरी काढायची. मागच्या आठवड्याच्या सरासरीशी तीच ताडायची. सोमवारचा आकडा बघून खचायचं नाही.

कमी खायचं म्हणून भाकरी-आमटीच निम्मी केली की स्नायूही झिजतात, आणि मासिक पाळी जायच्या वयात ते परवडत नाही. वजनाच्या किलोमागं साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ७२ किलोला ६०. दोन अंडी १२, ज्वारीच्या दोन भाकऱ्या १२, वाटीभर मटकीची उसळ ७-८, घट्ट आमटी ५-६, मोठी वाटी दही ७. इथं बेरीज ४५ला येते आणि थांबते. उरलेलं झुणका, पनीर किंवा १०० ग्रॅम चिकन यातून. मोठा बदल सकाळच्या नाश्त्यात केला: पोह्यांऐवजी अंडी किंवा मोडाचे मूग. पोहे खाल्ले की अकराला पुन्हा काहीतरी चघळायला लागतं.

चालणं. आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे येणाऱ्यांत पहिल्याच दिवशी अख्खी फेरी मारणारे पुष्कळ, आणि तिसऱ्या आठवड्यात टाच धरून बसणारेही तेच. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती बहुधा तळपायाच्या पट्ट्यावर अचानक पडलेल्या ताणामुळं. पोटरी आखडलेली, घरात फरशीवर अनवाणी, बाहेर कडक तळाची चप्पल. कोल्हापुरी मिरवायला चांगली, पाच हजार पावलांसाठी नव्हे. मी संध्यामठाच्या बाजूनं सुरू करून पाच मिनिटं पुढं, पाच मिनिटं मागं, इतकंच पंधरा दिवस केलं. पुढं दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली, ४० वर थांबले. तरी सातव्या आठवड्यात टाच दुखलीच, कारण बूट जुने होते, टाचेकडं झिजलेले. बूट बदलले, घरात मऊ स्लिपर, पाण्याची गोठवलेली बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवणं, आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. सहा आठवडे लागले. वेग असा ठेवायचा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला १५० मिनिटं झाली की पुरे.

एक सांगून टाकते. ४० मिनिटं चालून जेमतेम दीडशे-दोनशे कॅलरी जातात. परतताना मिसळ आणि दोन पाव खाल्ले तर हिशेब उलटा होतो. चालण्यानं झोप, साखर, मूड सुधारतो. वजन मात्र स्वयंपाकघरातच उतरतं.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं. तालमीतल्या बैठका-जोर यांचेच घरगुती धाकटे भाऊ. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, आठ वेळा, तीन फेऱ्या. आठाचे बारा झाले की बुटकं स्टूल. भिंतीवर जोर, मग ओट्यावर. पाठीवर झोपून कंबर उचलणं. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्याचा व्यायाम. उठताना गुडघे आत वळले तर दुखणार. ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचे.

पाचव्या महिन्यात काटा २४ दिवस हलला नाही. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, हे एक कारण. दुसरं बरणीनं दाखवलं: ती शुक्रवारीच रिकामी होऊ लागली होती. तिसरं म्हणजे कालवणाची चव बघणं आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं ‘वाया कशाला’ म्हणून संपवणं. आठवडाभर तेही लिहून ठेवलं, तर रोजचे दीडशे-दोनशे कॅलरी निघाले. उरलेलं आता डब्यात जातं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर रंकाळा बऱ्याच दिवशी बाद. इमारतीचे जिने चढायचे, उतरताना लिफ्ट, कारण गुडघ्यांवर ताण उतरताना जास्त येतो. मग नवरात्र: नऊ दिवस साबुदाणा खाल्ला तर वजन वाढूनच अंबाबाईच्या दर्शनाला जाल. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच, वर तूप आणि कूट. वरीचा भात, पातळ दाण्याची आमटी आणि दही यावर मी नऊ दिवस काढले, सरासरी तीनशे ग्रॅमनं उतरली.

आता सरासरी ६४च्या वर गेली की बाकी काही न बदलता पहिल्यांदा बरणी तपासते. आतापर्यंत दोनदा गेली, दोन्ही वेळा तेल ६०० ऐवजी अंदाजानं काढलेलं होतं.