मालवण लाट-मॉडेल, नोंद ३: दोन फायली, दोन दिशा

मॉडेल डेल्फ्टचं स्वान (किनाऱ्याजवळच्या लाटांचं गणित करणारं सॉफ्टवेअर), बाहेरची जाळी साधारण १.८५ किमीच्या चौकोनांची, तळ जेबकोचा (जगभरच्या समुद्रतळाच्या उंची-खोलीची माहिती), वारा ईआरए-५ चा (होऊन गेलेल्या हवामानाची जाळीवर मांडलेली माहिती). या खेपेचा सगळा वेळ फाइल वाचण्याच्या क्रमात गेला.

जेबकोच्या नेटसीडीएफ (जाळीवरचे आकडे साठवणाऱ्या) फाइलमधल्या ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे चढतात, ईआरए-५ च्या उत्तरेकडून खाली उतरतात. त्यामुळे मॉडेलच्या एकाच रनमध्ये रीडइनप (फाइल वाचायला सांगणाऱ्या) ओळीत आयडीएलए, म्हणजे वाचण्याच्या क्रमाचा आकडा, तळासाठी ३ (खालून वर) आणि वाऱ्यासाठी १ (वरून खाली) द्यावा लागतो. तळ उलटा वाचला गेला तर किनाराच वाकडा दिसतो, लगेच कळतं. वारा उलटा वाचला गेला तर काहीच दिसत नाही! एका अंशाच्या पट्ट्यात पाव अंशाच्या जेमतेम पाच ओळी, त्यात नैऋत्य मोसमी वारा सगळीकडे जवळपास सारखा. म्हणून नकाशा बघून समाधान मानू नये. वायव्य कोपऱ्यातला एक बिंदू घ्यावा, तिथला वारा टेबलमध्ये काढावा आणि मूळ फाइलमधल्या आकड्याशी ताडून पाहावा. स्वानला दिलेल्या वाऱ्याच्या फाइलमध्ये दर वेळेचा आधी पूर्ण यू (वाऱ्याचा पूर्व-पश्चिम भाग), मग पूर्ण व्ही (उत्तर-दक्षिण भाग) हवा.

बाकी सापळे नेहमीचेच. जेबको समुद्राला उणे धरतं, स्वान खोली अधिक मागतं. तळाचा गुणक −१. सेट नॉटिकल ही आज्ञा (दिशा उत्तरेपासून, वारा-लाट जिकडून येते ती) विसरलात तर दिशा कार्टेशियन पद्धतीने (पूर्वेपासून उलट्या फेऱ्याने, जिकडे जाते ती) वाचल्या जातात. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. दुपारचा खारा वारा सकाळी सुटलेला दिसला तर आधी हेच तपासा. शांत पाण्यापासून सुरू केलेल्या रनचे पहिले २४ तास टाकून द्यावेत.

मे महिन्यातल्या लांब स्वेलसाठी (दुरून येणाऱ्या लाटांसाठी) मॉडेलमधले दिशांचे कप्पे ३६ वरून ७२ केलेत. १६ सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे ४०० मीटर लांब असते, तिला २०० मीटरवरच तळ लागतो. ८ सेकंदांच्या लाटेला ५० मीटरवर. म्हणून बाहेरची हद्द शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेपलीकडे नेली.

खरी अडचण आत आहे. जेबकोचा चौकोन अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांचा, म्हणजे साधारण ४५० मीटर. सिंधुदुर्ग किल्ला ४८ एकरांचा. म्हणजे अख्खा किल्ला एका चौकोनात, आणि भोवतीची खडपं कुठेच नाहीत. आतली जाळी ५० मीटरची ठेवून खोल्या नौकानयन नकाशावरून हाताने भरणं चालू आहे. ते आकडे चार्ट डेटमवरचे (ओहोटीच्या जवळपास सर्वांत खालच्या पातळीपासून मोजलेले), जेबको सरासरी समुद्रपातळीवर. मुंबईला हा फरक अडीच मीटरच्या आसपास भरतो. मालवणला भरती-ओहोटीचा पल्ला कमी, म्हणून मुंबईचा आकडा इथे चिकटवू नये. नकाशावरचीच भरतीची तक्ती वापरावी.