साठ अंशांवरचा फुगा

यीस्टचं प्रॅक्टिकल दिसायला सोपं. साखरेच्या पाण्यात यीस्ट, ते साखरेतून सोडतं तो वायू धरायला कॉनिकल फ्लास्कच्या तोंडाला फुगा, तापमानं वीस, सदतीस आणि साठ अंश. अर्ध्या तासाने दोऱ्याने फुग्याचा घेर मोजायचा. खरं काम आदल्या दिवशी असतं. जांभळी नाक्यावरून आणलेलं यीस्ट जिवंत आहे का, ते कोमट साखरपाण्यात चिमूटभर टाकून बघायचं. फुगे तोंडाने एकदा फुगवून सैल करायचे, नाहीतर कोरं रबर ताणायला तेवढा वायू पुरत नाही. हे मॅन्युअलमध्ये नाही. फुकट गेलेल्या प्रॅक्टिकलांनी शिकवलंय.

त्या दिवशी मी वीस अंशांच्या टबाशी अडकलो होतो; ठाण्याच्या ऑगस्टमध्ये वीस अंश म्हणजे सतत बर्फ टाकणं. साठचे फ्लास्क दोन वॉटरबाथमध्ये, म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला ठेवणाऱ्या विजेच्या टाक्यांमध्ये; सहा गट नव्यावर, सहा जुन्यावर.

जर्नल तपासताना अकरा गटांचं साठपुढे शून्य. एका मुलीचं अकरा सेंटिमीटर, जवळजवळ सदतीसइतकंच. मी लाल फुली मारली. "अगं, गरम हवा प्रसरण पावते, त्याने फुगला असेल."

"पण सर, फेसही आला होता."

"साठला यीस्ट मरतं. एन्झाइमच मोडतात, फेस कुठून येणार?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, साठच्या पाण्यात बोट टिकतं का? मी घातलं होतं."

जुना वॉटरबाथ तसाच चालू होता. काटा साठवर. थर्मामीटर सोडला तर पारा बेचाळीसवर थांबला. थर्मोस्टॅट बिघडल्याची तक्रार मी गेल्या वर्षी दोनदा लिहून दिली होती. ऑफिसात ती फायलीत आंबतेय. पण थर्मामीटर माझ्या खिशात होता, हेही खरं.

त्या बाथवर आणखी पाच गट होते. पाचही फुगे त्यांच्या डोळ्यांदेखत फुगले असणार. तरी पाच शून्यं. काहींनी सीनियरचं जर्नल उतरवलं असेल, पण बाकीच्यांना दोष कसा देऊ? सुरुवातीला फळ्याशी उभं राहून मीच सांगितलं होतं, "साठला काही होणार नाही."

तिच्या जर्नलमधली फुली खोडून सही केली, बाजूला बेचाळीस लिहिलं. उरलेली पाच जर्नलं अजून माझ्या टेबलावर आहेत. पाचांवरही माझी 'बरोबर'ची खूण आहे.