आधी कोण बसलंय?

बाजारातल्या केमिस्ट्रीच्या गाइडमध्ये दोन रकाने छापलेले असत. बेंझिन म्हणजे सहा कार्बनचं वलय; त्यावर आधीच बसलेला गट नव्या गटाला कुठल्या जागी पाठवतो, त्याचे. एकात ऑर्थो-पॅराला (अगदी शेजारी किंवा समोर) पाठवणारे गट, दुसऱ्यात मेटाला (एक जागा सोडून). पाठ केले की पेपरापुरतं भागायचं. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना हे रकाने अजिबात खपत नसत. फळ्यावर बेंझिनचा षट्कोन काढून ते एवढंच विचारत, "आधी कोण बसलंय?"

मिथाइल बसलेला असेल, तर नायट्रोनियम आयन, म्हणजे धन प्रभार घेऊन येणारा नायट्रो गट, तिन्ही जागी लावून बघायचा आणि धन प्रभार कुठल्या कुठल्या कार्बनवर फिरतो ते काढायचं. ऑर्थो आणि पॅरात तो मिथाइलच्याच कार्बनवर येतो, आणि मिथाइल त्याला सांभाळून घेतो. मेटात तो तिकडे फिरकतच नाही. मग मिथाइल पुसून तिथे नायट्रो गट, आणि पुन्हा नऊच्या नऊ आकृत्या, प्रत्येक जागेच्या तीन. नायट्रोचा नायट्रोजनही धनच; आता धनाशेजारी धन येतं, म्हणून ऑर्थो-पॅरा नकोसे होतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हाला पुस्तकातलं इंग्रजी जड जायचं; या आकृत्या मात्र पटकन कळायच्या.

फिनॉलचा प्रयोग सर स्वतः करून दाखवत, तोही खिडकीशी उभं राहून. परीक्षानळीत फिनॉलचं, म्हणजे OH गट बसलेल्या बेंझिनचं, पाण्यातलं द्रावण, त्यात थेंब थेंब ब्रोमीन वॉटर. नारिंगी रंग पडता पडताच नाहीसा व्हायचा आणि २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉलचा पांढरा साका दिसू लागायचा. दोन ऑर्थो, एक पॅरा, तिन्ही जागा एकदम भरल्या. ना उत्प्रेरक, ना उष्णता. साध्या बेंझिनला एक ब्रोमीन बसवायचा तरी फेरिक ब्रोमाइड लागतं.

क्लोरोबेंझिनपाशी, म्हणजे क्लोरीन बसलेल्या बेंझिनपाशी, सर रेंगाळत. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेतो म्हणून अभिक्रिया मंदावते, पण स्वतःची इलेक्ट्रॉनांची जोडी वलयाला देऊही शकतो, म्हणून येणारा गट ऑर्थो-पॅरालाच जातो. तेव्हा ही उगाचची भानगड वाटायची. आज त्याच भानगडीवर माझं घर चालतं. आमच्या प्लँटमध्ये मिक्स ॲसिड (नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण) वापरून क्लोरोबेंझिनचं नायट्रेशन होतं, म्हणजे त्यावर नायट्रो गट बसवला जातो. पॅरा साधारण दोन भाग, ऑर्थो एक भाग, मेटा नावापुरता. पॅरा ८३ अंशांच्या आसपास वितळतो, ऑर्थो ३३ च्या. त्यामुळे मिश्रण गार करत गेलं की पॅराचे स्फटिक आधी सुटतात, उरलेल्याला स्फटिकीकरण आणि ऊर्ध्वपातन आलटून पालटून. पॅरापासून पुढे पॅरासिटामॉलपर्यंत जाता येतं, म्हणून त्याला मागणी. ऑर्थोचा उठाव मंदावला की टाक्या भरून राहतात आणि विक्रीवाले विचारतात, "नुसता पॅराच नाही का काढता येणार?" काय सांगणार! प्रमाण थोडंफार हलवता येतं, पण क्लोरीन काही आमच्या हाताखाली नाही.

आपल्या कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी प्रयोगशाळा होते आहे, असं कळलं. वर्गणी पाठवली आहेच. वाफा बाहेर ओढून नेणारा फ्यूम हूड चांगला बसवा, आणि ब्रोमीन वॉटर दरवेळी ताजं करा. जुन्या बाटलीतला ब्रोमीन उडून गेलेला असतो; मग पोरांना साकाही दिसत नाही आणि सरांवर विश्वासही बसत नाही.