तिसरा लवाद कोणत्या मुशीत घडला आहे?

आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादावरच्या, म्हणजे न्यायालयाऐवजी निवडलेल्या पंचांकडून वाद सोडवण्यावरच्या, चर्चासत्रांत अलीकडे ‘सांस्कृतिक जाण’ या विषयावर एक व्याख्यान हमखास असते. जपानी माणसाचे व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे, अरब यजमानाने पुढे केलेली कॉफी नाकारू नये, असल्या गोष्टी त्यात सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत, परंतु वडोदऱ्यात बसून निर्यातदार कारखान्यांचे करार तपासणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. पक्षकाराचे पैसे ज्यांच्यामुळे बुडतात ते फरक शिष्टाचाराचे नसून कायद्याच्या शिक्षणाचे असतात. कोणता कागद समोरच्याला दाखवावा लागतो, साक्षीदाराशी वकिलाने किती बोलावे, उत्तर न दिलेल्या पत्राचा अर्थ काय धरावा, लवादाने स्वतःच तडजोडीचा आकडा सुचवावा की नाही, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वकील तरुणपणी आपापल्या देशात शिकतो आणि पुढे आयुष्यभर तीच उत्तरे म्हणजे न्याय, असे धरून चालतो.

मकरपुरा, पोर, सावली, वाघोडिया इथल्या औद्योगिक वसाहतींतून हीट एक्स्चेंजर, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि प्रेशर व्हेसल परदेशी जातात. त्यांच्या करारांत किंमत, वितरण आणि हमी यांवर आठवडेच्या आठवडे घासाघीस चालते. लवादाचे कलम मात्र समोरच्याने जसे पाठवले असेल तसेच सह्यांपर्यंत पोहोचते. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि करारात इंग्रजी अशा तीन भाषांत रोज वावरणाऱ्या या शहराला परक्या रीतीभातींचे वावडे नाही. तरीही आपल्या करारावर उद्या निवाडा देणारा माणूस, विशेषतः तिघांच्या पीठावर मध्यभागी बसणारा तिसरा, पीठासीन लवाद, कोणत्या रीतीत वाढला असेल, हा प्रश्न इथे सही करण्यापूर्वी क्वचितच विचारला जातो.

तो न विचारण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे जुने उदाहरण आखातातले आहे. १९५१ साली अबू धाबीचे शेख आणि एक ब्रिटिश तेल कंपनी यांच्यातील वाद लॉर्ड अ‍ॅस्क्विथ यांच्यापुढे आला. करार अबू धाबीत झाला होता आणि तिथेच अमलात यायचा होता, म्हणजे प्रथमदर्शनी तिथलाच कायदा लागू होता, हे त्यांनी मान्य केले. परंतु आधुनिक व्यापारी दस्तऐवजाचा अर्थ लावता येईल अशी स्थिर कायदेशीर तत्त्वे त्या ‘आदिम’ प्रदेशात असणे शक्य नाही, असे म्हणून त्यांनी मुख्यतः इंग्रजी विधीतून आलेली तत्त्वे लावली. गंमत अशी की, समुद्राखालच्या खंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यापलीकडे पाण्याखाली पसरलेल्या जमिनीवरील हक्काचा, मोठा प्रश्न शेखांच्याच बाजूने सुटला. तरीही इस्लामी विधीत करारावर शतकानुशतके जे लिहिले गेले होते, ते उघडूनही न पाहता बाजूला सारले गेले, हे आखातात कोणी विसरले नाही. १९५८ साली अरामको या तेल कंपनीच्या प्रकरणाचा निवाडा सौदी सरकारच्या विरोधात गेला, आणि १९६३ साली सौदी मंत्रिमंडळाने सरकारी संस्थांना परवानगीवाचून लवादाकडे जाण्यास मनाई केली. परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार भारताने १९६० मध्येच अनुसमर्थित केला होता. सौदी अरेबिया त्यात १९९४ साली आला. एका विद्वान माणसाच्या तुच्छतेने इतके सगळे घडवले असे मी म्हणणार नाही, पण त्या निवाड्यातील ते वाक्य तिकडचे वकील आजही ऐकवतात.

आता आपल्याकडचे उदाहरण घेतो. लवाद कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४२अ गोपनीयतेचे आहे, म्हणून तपशील बदलूनच सांगतो. दांडिया बाजारात जुने घर आणि मकरपुऱ्यात शेड असलेल्या एका मराठी कारखानदारांकडे जर्मन खरेदीदाराचा अभियंता येऊन गेला. परत गेल्यावर त्याने एक मेल पाठवला: ‘बैठकीत ठरल्याप्रमाणे’ वेल्डिंगची जादा चाचणी पुरवठादाराच्या खर्चाने होईल आणि माल आधीच्या तारखेपेक्षा लवकर निघेल. बैठकीत ही चर्चा झाली होती, पण कबुली कोणी दिली नव्हती. मेलला उत्तर गेले नाही. पुढे वाद उभा राहिल्यावर मी विचारले, “काका, या मेलला दोन ओळींचं उत्तर का नाही दिलंत?”

“अहो वकीलसाहेब, तो माणूस आदल्या दिवशी आमच्याकडे जेवून गेला होता. लगेच त्याला ‘तुझं म्हणणं चूक’ असं लेखी कळवायचं? म्हटलं, पुढच्या फोनवर समजावून सांगू.”

काकांच्या दृष्टीने हे गप्प राहणे नाकारणेच होते, आणि तेही सभ्यपणे केलेले. भारतीय वकिलालाही त्यात धोका दिसत नाही, कारण मौन म्हणजे स्वीकृती नव्हे, हे त्याने १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या इंग्रजी खटल्यातून पाठ केलेले असते. जर्मन व्यापारी विधीत मात्र वाटाघाटींनंतर एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला पुष्टीपत्र पाठवले आणि दुसऱ्याने विनाविलंब हरकत घेतली नाही, तर त्या पत्रातला मजकूर ठरलेला मानला जातो. प्रामाणिक व्यापारी चुकीचे पत्र तसेच पडू देणार नाही, अशी त्यामागची धारणा आहे.

इथे एक कायदेशीर गुंता आहे. करारात ‘जर्मन कायदा लागू’ एवढेच लिहिले असेल, तर आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करारही सोबत येतो, कारण जर्मनी त्याचा पक्ष आहे आणि तो करार जर्मन कायद्याचाच भाग आहे. भारत त्याचा पक्ष नाही, म्हणून तो आपल्याला लागू नाही, अशी समजूत मी अनेक अनुभवी सल्लागारांकडून ऐकली आहे आणि ती धोक्याची आहे. तो नको असेल तर स्पष्ट शब्दांत वगळावा लागतो. काकांना तो करार सोयीचाच होता, कारण त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे केवळ मौन ही स्वीकृती ठरत नाही, आणि ज्या देशात पुष्टीपत्राची प्रथाच नाही तिथल्या व्यापाऱ्यावर ती सहजी लादता येत नाही. म्हणजे कागदावर आमची बाजू भक्कम होती. पण पीठावर मध्यभागी बसलेले गृहस्थ त्याच प्रथेत मुरलेले होते. पहिल्याच सुनावणीत त्यांनी आम्हाला विचारले की, मेल मान्य नव्हता तर तसे कळवले का नाही. कलम १८ त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही त्या प्रश्नात नियमाचा शोध नव्हता, काकांच्या सचोटीविषयीची शंका होती, आणि असल्या शंकेचे निरसन कलम वाचून दाखवून होत नाही. त्यासाठी आम्ही दहा वर्षांचा पत्रव्यवहार काढून दाखवला की, या घराण्याने कोणत्याच ग्राहकाला लेखी नकार कधी दिलेला नाही, प्रत्येक वेळी फोन केला आणि प्रत्येक फोननंतर ग्राहकाने आपली मागणी बदलली. परक्या पीठापुढे स्वतःच्या पक्षकाराची रीत पुराव्यानिशी मांडता येणे, हे मी या क्षेत्रातले खरे कौशल्य समजतो. परदेशी कायदा सांगणारा तज्ज्ञ पैसे देऊन मिळतो. हे काम त्याच्याकडून होत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत भांडण अधिक उघड असते. अमेरिकेत शिकलेला वकील प्रतिपक्षाच्या कपाटातील सगळेच मागतो, युरोप खंडातला वकील ‘तुमची बाजू तुम्ही तुमच्या कागदांवर सिद्ध करा’ म्हणतो, आणि आपण दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या पुराव्याविषयीच्या नियमांनी, ज्यांची आताची आवृत्ती २०२० ची आहे, एक मधला मार्ग काढला: हवा तो दस्तऐवज किंवा दस्तऐवजांचा अरुंद गट नेमका सांगा आणि निकालाशी त्याचा संबंध दाखवा. तोही फार इंग्रजी वळणाचा वाटल्याने २०१८ साली प्राग नियम आले, ज्यांत कागद मागण्यावर जास्त बंधन आहे आणि लवादाने स्वतः पुढाकार घेणे अपेक्षित आहे. व्यवहारात रेडफर्न तक्ता चालतो: मागणी, कारण, हरकत आणि लवादाचा निर्णय असे चार रकाने. त्यात हरकतीचा रकाना भरताना आपल्याकडचे पुष्कळ वकील दिवाणी न्यायालयातील लेखी जबाबासारखी सर्वंकष नकारघंटा वाजवतात, आणि पीठाचा विश्वास तिथेच उडतो.

साक्षीदाराचे प्रकरण मला सर्वांत नाजूक वाटते. उलटतपासणीची तयारी साक्षीदाराकडून करून घेणे हे अमेरिकी वकील कर्तव्य मानतो. इंग्लंडमध्ये साक्षीची रंगीत तालीम घेणे हा बॅरिस्टरच्या आचारसंहितेचा भंग ठरतो. जर्मन परंपरेत साक्षीदाराशी खटल्याआधी बोलणेच संशयास्पद समजले जात असे. शिवाय जर्मन दिवाणी न्यायालयात कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक हा पक्ष मानला जातो, साक्षीदार नव्हे. लवादात तो साक्ष देऊ शकतो, परंतु मालकाच्या शब्दाला वजन किती, याचा हिशेब प्रत्येक लवादाच्या मनात त्याच्या त्याच्या देशाचा असतो. आपल्याकडे सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी, शपथपत्रावर होते आणि ते शपथपत्र वकिलाच्या इंग्रजीत असते. तीस वर्षे कारखान्यात काढलेला, गुजराती आणि मराठी मिसळून बोलणारा उत्पादनप्रमुख परदेशी पीठापुढे बसतो, आणि समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो: परिच्छेद १४ तुम्ही स्वतः लिहिलात का? या प्रश्नावर मी माणसे घामाघूम झालेली पाहिली आहेत. म्हणून आता मी साक्षीदाराचे निवेदन त्याच्याच भाषेत, त्याच्याच क्रमाने उतरवून घेतो, मग भाषांतर जोडतो, आणि दुभाषा मागण्यात कमीपणा नाही हे त्याला पटवतो. त्यात वेळ जातो, आणि वेळही मोजलेला असतो. दोन्ही बाजूंना सारखे तास वाटून दिले जातात आणि बुद्धिबळाच्या घड्याळासारखा हिशेब ठेवला जातो. लवाद कायद्याच्या कलम १९ ने पीठाला दिवाणी प्रक्रिया संहितेतून मोकळे केले असले, तरी आपले बरेच ज्येष्ठ वकील त्या संहितेतून मोकळे झालेले नाहीत, आणि प्रस्तावनेतच अर्धा वाटा संपवून बसतात.

तडजोडीविषयी एकच खटला सांगतो. चीनमध्ये लवादाने मध्येच मध्यस्थाची भूमिका घेणे रूढ आहे. शीआन लवाद आयोगापुढील एका प्रकरणात आयोगाचे सरचिटणीस आणि एक लवाद यांनी एका पक्षाशी संबंधित व्यक्तीला हॉटेलात जेवणाच्या टेबलावर २५ कोटी युआनचा प्रस्ताव सांगितला. तडजोड झाली नाही आणि निवाडा त्या पक्षाच्या विरोधात लागला. तो अमलात आणण्यासाठी प्रकरण हाँगकाँगला गेले, तेव्हा तिथल्या पहिल्या न्यायालयाने २०११ साली यात पक्षपाताचा भास आहे म्हणून अंमलबजावणी नाकारली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. शीआनमध्ये मध्यस्थी कशी चालते हे तिथल्या न्यायालयाला अधिक कळते आणि पक्षाने वेळेवर हरकत घेतली नव्हती, ही त्यातली मुख्य कारणे होती. माझे मत पहिल्या न्यायाधीशांकडे झुकते, पण कदाचित ते माझ्यावरच्या इंग्रजी वळणाच्या शिक्षणामुळे असेल. आपल्या लवाद कायद्याच्या कलम ३० मध्येही पक्षांच्या संमतीने पीठाला मध्यस्थी करता येते, हे मात्र लक्षात ठेवावे.

२०२१ साली पीएएसएल विंड सोल्यूशन्स प्रकरणात, जे आपल्याच गुजरात उच्च न्यायालयातून वर गेले होते, दोन भारतीय कंपन्यांनाही झुरिकसारखी परदेशी सीट, म्हणजे लवादाचे कायदेशीर ठिकाण, निवडता येते असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यामुळे हा विषय आता केवळ निर्यातदारांपुरता राहिलेला नाही. मी पक्षकारांना सांगतो की, सीटइतकाच विचार तिसऱ्या, म्हणजे पीठासीन लवादाचा करा, आणि त्याच्या पासपोर्टवर जाऊ नका. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम सर्वसाधारणपणे पीठासीन लवाद दोन्ही पक्षांहून वेगळ्या राष्ट्रीयत्वाचा असावा असे सांगतात, आपल्या कायद्याच्या कलम ११(९) मध्येही तशी मुभा आहे. परंतु लंडनमध्ये घडलेला सिंगापूरकर आणि लंडनमध्ये घडलेला मुंबईकर यांच्या कामाच्या पद्धतीत राष्ट्रीयत्वाने फारसा फरक पडत नाही. त्याने कोणत्या पद्धतीच्या न्यायालयांत उमेदवारी केली, प्राग नियमांवर तो काय लिहितो, साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारतो की वकिलांवर सोडतो, हे शोधावे लागते. निवाडे गुप्त असल्याने ती माहिती त्याच्या लेखांतून, भाषणांतून आणि त्याच्यापुढे उभे राहिलेल्या वकिलांना विचारूनच मिळते. इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आपण नेमलेल्या लवादाशी तिसऱ्याच्या निवडीबद्दल बोलता येते, प्रकरणाच्या गुणदोषांबद्दल मात्र नाही. आणि त्या फोनवर पक्षकाराला सोबत बसवू नये, कारण बहुतेक कारखानदार दुसऱ्याच मिनिटाला चाचणी अहवाल वाचून दाखवू लागतात.