तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्रावरचं घड्याळ नव्यानं घेतलं, तर हाती नेमकं काय येतं?

"चंद्रावर गेलेलं घड्याळ कंपनी आता पुन्हा काढते म्हणे. ते खरंच तेच असतं का?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहून टाकतो. एका शब्दात उत्तर हवं असेल तर 'नाही'. पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. एका घड्याळात आतलं यंत्र जुनंच असतं आणि काच बदललेली असते, दुसऱ्यात काच जुन्या धर्तीची असते आणि यंत्र बदललेलं. दोन्ही एकत्र मागायला गेलात की पंचाईत.

ओमेगा स्पीडमास्टरपासूनच सुरू करू, कारण विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या डोक्यात तेच असतं. नासानं १ मार्च १९६५ रोजी हे घड्याळ मानवी मोहिमांसाठी पात्र ठरवलं. त्याआधीच्या चाचण्या जीव खाणाऱ्या होत्या. ७१ अंश सेल्सिअसला ४८ तास, मग ९३ अंशांना अर्धा तास, मग उणे १८ अंशांना चार तास. सहा वेगवेगळ्या दिशांनी ४० जीचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोराचे धक्के, शिवाय निर्वात पोकळी, दमट हवा आणि कंपनं वेगळी. त्यात टिकलेल्या स्पीडमास्टरच्या पोटात ३२१ क्रमांकाचं यंत्र होतं. ३ जून १९६५ रोजी जेमिनी ४ यानातून अवकाशात बाहेर पडलेल्या एड व्हाइटच्या हातावर तेच होतं. अपोलो ११ च्या वेळी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्याकडच्या घड्याळांतही तेच. (आर्मस्ट्राँगनं आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण यानातला टायमर बिघडला होता. चांद्रभूमीवर उतरलं ते ऑल्ड्रिनचं.)

इथेच पहिली गफलत होते. १९६८ मध्ये ओमेगानं ३२१ बाजूला ठेवून ८६१ आणलं. त्याचं पुढे १८६१ झालं, आणि २०२१ पासून 'मूनवॉच' म्हणून जे विकलं जातं त्यात ३८६१ आहे. म्हणजे आजचं मूनवॉच त्या घराण्यातलंच, पण पहिल्यांदा चंद्रावर गेलेल्या यंत्राची ती सख्खी आवृत्ती नव्हे. ३२१ मध्ये स्टॉपवॉच चालू-बंद करण्याचं काम खांबांचं छोटं चक्र करतं, त्याला कॉलम व्हील म्हणतात. ८६१ पासून पुढे ते काम कॅम, म्हणजे खाचा असलेली छोटी चकती, करते. कॅम बनवायला सोपा आणि वापरायला दणकट. त्यामुळे 'खरं ते कॉलम व्हीलचंच' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. बटण दाबताना ३२१ हाताला जास्त मऊ लागतं, हे मात्र खरं.

हा फरक तबकडीवरही दिसतो, भिंग घेऊन बघा. ३२१ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणून जुन्या तबकडीवर दोन सेकंदांमधल्या जागेचे पाच भाग केलेले असत आणि काटा थांबला की एखाद्या रेषेवर नेमका बसे. ८६१ आलं आणि ठोके २१,६०० झाले, सेकंदाला सहा. आता काटा पाच भागांच्या रेषांवर नीट बसेना. २०२१ च्या आवृत्तीत हे भाग तीन केले आणि यंत्र व तबकडीचा मेळ पुन्हा जमला. नव्या आवृत्तीत नक्कल कुठे सोडायची हे कळलेल्या माणसानं केलेलं काम आहे हे.

मग ३२१ हवंच असेल तर? ओमेगानं ते यंत्र २०१९ मध्ये पुन्हा बनवायला घेतलं. नमुना म्हणून अपोलो १७ च्या यूजीन सर्ननचं घड्याळ न उघडता स्कॅन केलं. जानेवारी २०२० मध्ये स्टीलचं घड्याळ आलं: ३९.७ मिलिमीटर, सरळ कान (पट्टा अडकवायची टोकं), एड व्हाइटच्या घड्याळासारखं. यंत्र जवळजवळ हुबेहूब. पण वरची काच नीलमणी स्फटिकाची, म्हणजे सफायरची, बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, सिरॅमिकचं आणि मागे यंत्र दिसावं म्हणून पारदर्शक झाकण! मूळ घड्याळाची काच हेसलाइटची, म्हणजे साध्या भाषेत प्लास्टिकची होती, आणि त्यामागे कारण होतं. हेसलाइट तडकली तरी तिचे अणकुचीदार तुकडे होत नाहीत. वजनरहित यानात तरंगणारा एक तुकडा डोळ्यात गेला तर काय, याची ती काळजी. मूळ घड्याळात झाकणाखाली चुंबकापासून वाचवणारं आणखी एक पत्र्याचं झाकण असे, ते या आवृत्तीत दिसत नाही. उलट ३८६१ च्या मूनवॉचमध्ये हेसलाइटची काच घेता येते, बेझल अॅल्युमिनियमचं मिळतं आणि त्यावर ९० च्या आकड्यावरचा ठिपका जुन्यासारखा परत आला आहे. म्हणजे आतून खरं ते बाहेरून नवं, आणि बाहेरून खरं ते आतून नवं.

रोज घालायचं असेल तर मी ३८६१ आणि हेसलाइट सुचवतो. त्याचं कारण चुंबक. ३८६१ यंत्र १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबकाला दाद देत नाही. ३२१ ला हे कवच नाही. फोनच्या कव्हरचं, पिशवीच्या बटणाचं किंवा स्पीकरचं चुंबक लागलं की केसासारखी स्प्रिंग आपल्याच वेटोळ्यांना चिकटते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. लोक घाबरून ते सर्व्हिसिंगला टाकतात. आधी डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढणारं छोटं उपकरण, वापरून बघा. बटण दाबून धरा, घड्याळ त्यावरून सावकाश वर न्या, फूटभर लांब गेल्यावरच बटण सोडा. जवळ असताना सोडलंत तर चुंबकत्व जाण्याऐवजी आणखी बसतं.

हेसलाइटवर चरे पडणारच. त्यासाठी घड्याळजीकडे जायला नको. बेझलच्या कडेला चिकटपट्टी लावा, प्लास्टिक पॉलिशची हरभऱ्याएवढी पेस्ट घ्या, मऊ सुती कापडानं चऱ्याच्या आडव्या दिशेनं दोन-तीन मिनिटं घासा, पुसा, लागलं तर पुन्हा करा. नखाला अडकणारा चरा मात्र पूर्ण जात नाही. काचेच्या मधोमध भिंगातून ओमेगाचं इवलंसं चिन्ह दिसतं. जुनं घड्याळ घेताना ते नसेल तर काच बदललेली आहे असं समजा.

वरची ही सगळी ओमेगा चावीची घड्याळं आहेत. रोज ठरावीक वेळी, हातातून काढून, चावी द्यायची आणि अडली की थांबायचं. स्टॉपवॉच सुरू करताना मधला काटा कधीकधी किंचित उडी मारतो. दात दातात बसतानाची ती उडी असते, बिघाड नव्हे. ३२१ मध्ये चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे रेडिओशी सेकंदाला सेकंद मिळवायचा हट्ट सोडावा लागतो. आणि पट्टा घेताना मोजून घ्या: नव्या ३२१ च्या कानांमधलं अंतर १९ मिलिमीटर आहे, २० चा पट्टा चिमटून बसतो.

अंतराळवीर वॉली शिरानं ऑक्टोबर १९६२ मध्ये स्वतःचं स्पीडमास्टर अवकाशात नेलं होतं. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत १८६१ आहे, २०२४ च्या आवृत्तीत ३८६१. मापानं मूळच्या जवळ, पोटानं लांब. यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

ब्रीटलिंग कॉस्मोनॉटची गोष्ट वेगळी. अंतराळवीर स्कॉट कार्पेंटरनं २४ मे १९६२ रोजी ते हातावर बांधून पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या. दीड तासाला एक फेरी म्हटल्यावर दिवस-रात्र कळेना, म्हणून २४ तासांची तबकडी. यानातून बाहेर पडून समुद्रात वाट बघताना खाऱ्या पाण्यानं ते घड्याळ निकामी झालं. २०२२ ची ३६२ नगांची आवृत्ती देखणी आहे, पण पाण्यापासून संरक्षण ३ बारचंच! हात धुण्यापुरतं समजा, पोहायला नको. तासकाटा दिवसात एकच फेरी मारतो आणि दुपारचे बारा खाली येतात. सवय होईपर्यंत सकाळचे नऊ आणि साडेचार यांत गोंधळ ठरलेला.

बुलोव्हा लूनर पायलटमध्ये तर यंत्राची जातच बदलली आहे. अपोलो १५ मध्ये १९७१ साली अंतराळवीर डेव्ह स्कॉटच्या ओमेगाची काच निघून गेली, म्हणून चांद्रभूमीवरच्या तिसऱ्या फेरफटक्यात त्यानं स्वतःचं बुलोव्हा बांधलं. ते चावीचं होतं. नवी आवृत्ती सेलवर चालते. नेहमीच्या क्वार्ट्झच्या आठपट, म्हणजे सेकंदाला २,६२,१४४ कंपनं, त्यामुळे सेकंदकाटा टकटक न करता सरकत जातो आणि वेळ या लेखातल्या सगळ्या चावीच्या घड्याळांपेक्षा अचूक. पहिली आवृत्ती ४५ मिलिमीटरची. मनगट बारीक असेल तर २०२३ ची ४३.५ ची बघा. सेल बदलल्यावर स्टॉपवॉचचा काटा शून्यावर नसला तर घड्याळ मोडलेलं नाही, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे तो शून्यावर आणून घ्या.

शेवटी तबकडीच्या रंगाबद्दल, कारण तेही हटकून विचारलं जातं. जुन्या घड्याळांवर चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असे. त्याचं अर्धायुष्य साडेबारा वर्षांच्या आत, त्यामुळे साठ वर्षांनी अंधारात ते जवळजवळ दिसत नाही, नुसतं पिवळट पडतं. काही नव्या आवृत्त्यांत सुपर-ल्युमिनोव्हाला, म्हणजे हल्लीच्या चमकणाऱ्या लेपाला, मुद्दाम तसा सायीचा रंग देतात. म्हणून कुणी 'मूळ १९६०च्या दशकातलं' म्हणून घड्याळ पुढे केलं, तर त्यावर मिनिटभर टॉर्च मारा आणि दिवा बंद करा. रसरशीत हिरवं चमकून बराच वेळ टिकलं, तर निदान तबकडी आणि काटे तरी त्या काळातले नाहीत, किंवा त्यांवरचा लेप नंतर चढवलेला आहे.