लाल परवडला, रिकामा नको

फेडोरा लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती जवळ आली की माझ्या ब्राउझरमध्ये एक टॅब दिवसभर उघडा असतो. डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत बसलं की मी तो टॅब रिफ्रेश करून घेते. बघायला गेलं तर फेडोराच्या विकीवरचं एक लांबलचक कोष्टक, आवृत्ती सोडण्याआधीची तपासणी नोंदवायचं. डावीकडे टेस्ट केसची, म्हणजे एकेका तपासणीची, नावं, वर कुठल्या प्रकारच्या मशीनवर किंवा फेडोराच्या कुठल्या प्रकारावर तपासायचं ते, आणि मधल्या रकान्यांत लोकांनी टाकलेले निकाल. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे फेल, सोबत बगचा, म्हणजे नोंदवलेल्या दोषाचा, क्रमांक. पिवळा म्हणजे चाललं, पण काहीतरी खटकलं. प्रत्येक निकालापाशी तपासणाऱ्याचं नाव.

नवखी माणसं लाल दिसला की हबकतात. मला धास्ती असते ती रिकाम्या रकान्याची. लाल आहे म्हणजे कुणीतरी बसून बघितलंय, बग नोंदवलाय, आता त्यावर हवं तेवढं भांडता येईल. रिकाम्यावर भांडणार कशाच्या जोरावर? ते चालतही असेल, नसेलही. आणि आवृत्ती सोडायची की नाही हे ठरवताना ‘बहुतेक चालत असावं’ याला काडीची किंमत नसते.

फेडोराच्या वर्षाला दोन आवृत्त्या निघतात, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबर गाठायचा बेत असतो. पूर्वी आधी अल्फा ही कच्ची चाचणी आवृत्ती यायची, फेडोरा २७ पासून ती बंद झाली. आता बीटा, म्हणजे चाचणीची, आणि फायनल. दोन्हींसाठी निकष आधीच लिहून ठेवलेले. उदाहरणार्थ, फायनलला वर्कस्टेशन या डेस्कटॉपवाल्या प्रकारात मुळात येणारं प्रत्येक अ‍ॅप उघडलं पाहिजे आणि साध्या वापरात टिकलं पाहिजे. एखादा बग ब्लॉकर, म्हणजे आवृत्ती अडवणारा, ठरवायचा तर तो कुठला निकष मोडतो ते दाखवावं लागतं. ‘मला फार त्रास होतो’ एवढं पुरत नाही, आणि ते मला मनापासून पटतं. निकष मोडत नाही पण दुरुस्ती आत गेलेली बरी, अशा बगांसाठी फ्रीझ एक्सेप्शन असतं, म्हणजे शेवटी बदल बंद करतात त्या फ्रीझमधून सूट. त्यांच्यासाठी आवृत्ती थांबत नाही, फक्त फ्रीझमधून वाट मिळते.

नवं उमेदवार बिल्ड, म्हणजे सोडायच्या आवृत्तीचा तयार मसुदा, आलं की त्याला नवं, कोरं कोष्टक. आरसी (उमेदवार बिल्ड) १.१ मध्ये पास झालेलं १.२ मध्ये आपोआप उतरत नाही. मधे कुठलं पॅकेज बदललं आणि जुना निकाल कितपत धरायचा हे माणसांनी ठरवायचं. आणखी एका पानावर कुठली टेस्ट शेवटची कुठल्या बिल्डवर झाली ते दिसतं. मी सुरुवात तिथूनच करते आणि कुणी फार दिवसांत हात न लावलेली ओळ उचलते.

बरेचसे रकाने आता ओपनक्यूएच भरतं. मूळ ओपनसूसे या दुसऱ्या लिनक्सवाल्यांचं हे आपोआप तपासणारं साधन. ते आभासी मशीनवर इन्स्टॉलेशन चालवतं, कळा दाबतं, पडद्यावर अपेक्षित चित्र आलं का ते जुळवतं. त्याचं खातं ‘कोकोनट’ या नावाचं, त्यामुळे बिल्ड आल्यावर थोड्याच वेळात कोष्टकभर नारळच नारळ. उरतं ते खऱ्या लोखंडाचं, म्हणजे खऱ्या मशीनवरचं, काम. विंडोज आधीपासून असलेल्या लॅपटॉपवर शेजारी फेडोरा बसवून दोन्ही सुरू होतात का ते बघणं, छपाई बघणं. छपाईची ओळ मी सोडत नाही. दुकानात प्रिंटर आहे, कागद आहे, आणि दुसऱ्या कुणाला त्याचं एवढं अगत्य नसतं.

भाषांच्या इन्स्टॉलेशनसाठी वेगळ्या ओळी आहेत: एखादी युरोपीय भाषा, सिरिलिक, अरबी, आशियाई. मराठीची स्वतःची ओळ नाही. तिची वेळ येते ती भाषांसाठी ठेवलेल्या टेस्ट डेला, म्हणजे सगळ्यांनी मिळून तपासायच्या दिवशी. त्या दिवशी मी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ टाइप करते आणि चंद्रकोरीसारखा आडवा र नीट बसतो का ते बघते. मग ल आणि श. हिंदी आणि मराठी वळण वेगळं, युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकातला अक्षराचा क्रमांक, मात्र एकच, त्यामुळे मजकुराची भाषा मराठी आहे हे फॉन्टला कळलं तरच आपलं वळण येतं. फेडोराला पाठबळ देणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित या भारतीय भाषांच्या फॉन्टांवर पुष्कळ मेहनत घेतली आहे. पण फॉन्ट चांगला असून भागत नाही, मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रॅमनं भाषा त्याच्यापर्यंत पोचवायला हवी. हे तपासायला मराठी वाचणारा डोळा लागतो. हिंदी वळणाचा श बघून कोकोनटला काही खटकणार नाही.

शेवटी गुरुवारची गो/नो-गो बैठक, आवृत्ती सोडायची की नाही ते ठरवणारी. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. उमेदवार बिल्ड आहे का, ब्लॉकर उरलेत का, कोष्टकं भरली का, हे तीन प्रश्न. ‘गो’ झालं तर पुढच्या मंगळवारी आवृत्ती बाहेर, ‘नो-गो’ झालं तर तारीख पुढे. २०२२ मध्ये फेडोरा ३७ आधीच रेंगाळली होती, त्यात ऑक्टोबरअखेर इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पानं जाहीर केलं की १ नोव्हेंबरला एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती येतेय. तपशील गुलदस्त्यात. फेडोरानं थांबायचं ठरवलं आणि आवृत्ती १५ नोव्हेंबरला आली. त्रुटीची पायरी नंतर ‘क्रिटिकल’वरून ‘हाय’वर उतरली, तेव्हा उगाच थांबले असं म्हणणारेही निघाले. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता. रिकाम्या रकान्यासारखंच तिथेही भोक केवढं आहे हे कुणालाच बघता येत नव्हतं.

तुम्हाला हात लावून बघायचा असेल तर जुना लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह पुरे. फेडोराचं खातं काढा. विकीचं कोष्टक हातानं भरताना बिघडायची भीती वाटली तर टर्मिनलवर रेलव्हॅल नावाचं साधन आहे, ते प्रश्न विचारत निकाल नेमक्या जागी टाकतं. फेल लिहिण्याआधी बगझिलात, म्हणजे बगांच्या नोंदवहीत, तोच बग कुणी टाकलाय का ते शोधा आणि क्रमांक जोडा. विंडोजशेजारच्या इन्स्टॉलेशनला माणसं नेहमीच कमी पडतात. पण त्यासाठी घरच्यांचा कामाचा लॅपटॉप उचलू नका, ती डिस्कच्या वाटण्या करणारी टेस्ट आहे.